पद नको म्हण, बूथ माग

या आठवड्याचं पत्र मिरजेचं आहे. बावीस वर्षांचा मुलगा, नाव छापू नका म्हणालाय म्हणून छापत नाही. बी.एस्सी. झालंय, हॉस्पिटलच्या गल्लीत एका मेडिकलमध्ये काम करतो आणि सोबत पोलीस भरतीची तयारी ("चालू आहे म्हणायचं", हे त्याचेच शब्द). महापालिकेच्या निवडणुकीत तो प्रभागातल्या एका भाऊंबरोबर महिनाभर फिरला, स्लिपा वाटल्या, रात्री बॅनर बांधले, निकालाच्या दिवशी गुलालात न्हाला. आता भाऊ म्हणतायत तुला युवकचा शहर उपाध्यक्ष करतो, नियुक्तीपत्र साहेबांच्या हस्ते देऊ, फक्त फ्लेक्स आणि गाड्यांचं तुझं तू बघ. वडील म्हणतात राजकारण आपल्यासारख्यांचं काम नाही. तो लिहितो, "ताई, मला खरंच काम करायचंय, पण आयुष्यभर सतरंज्या उचलायच्या नाहीत. पद घेऊ का? आणि पक्ष कोणता बरोबर ते पण सांगा. बहिणीला पण इंटरेस्ट आहे, भाऊ म्हणाले ताईंना महिला आघाडीत घेऊ."

हे बघ, आधी पदाचं मिटवू. भाऊंना एकदा सहज विचार की युवकचे शहर उपाध्यक्ष एकूण आहेत किती. माझा अंदाज, ते बोटांवर मोजायला लागतील आणि मधेच विषय बदलतील. उपाध्यक्ष, सरचिटणीस, चिटणीस, संघटक, समन्वयक, ही पदं वाटायला पक्षाला लेटरपॅडचा एक कागद लागतो आणि घेणाऱ्याला मात्र फ्लेक्स, फेटे, हार, डिझेल आणि रात्रीचं जेवण एवढं सगळं लागतं. त्या फ्लेक्सवर साहेब केवढे, भाऊ केवढे आणि तू खालच्या ओळीत पासपोर्ट साईज, हे तू स्वतः बांधलेल्या बॅनरवर बघितलेलंच आहेस. त्यात परवानगी न घेता लावला तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहेच, या बेकायदा होर्डिंगवरून हायकोर्टाने महापालिकांना किती वेळा झापलंय, आणि गुन्हा नोंदवायची वेळ आली की शुभेच्छुक म्हणून नाव तुझं असतं, साहेबांचं नसतं. मेडिकलच्या पगारातून एवढं सगळं करून हातात काय, तर व्हॉट्सॲपचा डीपी.

मी पदाच्या विरोधात नाही हां. तहसीलदार कचेरीत उभं राहिल्यावर लेटरपॅड बघून खुर्ची पुढे सरकवतात, ते खोटं कशाला म्हणू. पण पहिल्याच वर्षी पद घेतलेली पोरं दोन निवडणुकांनंतर दिसत नाहीत आणि पहिल्या वर्षी मतदार यादी हातात घेतलेली पोरं दिसतात, हे मी पक्षाचं काम करत होते तेव्हाही बघितलं आणि आता बाहेरून पण बघतेय. म्हणून भाऊंना जाऊन एवढंच म्हण, "भाऊ, पदाचं पुढे बघू, मला आपल्या गल्लीचा बूथ द्या." बघ ते कसे बघतात तुझ्याकडे.

बूथ म्हणजे यादीचा एक भाग, साधारण हजार-बाराशे मतदार. पक्षापक्षात नावं वेगळी, शिवसेनेच्या पद्धतीत शाखाप्रमुखाच्या हाताखाली गटप्रमुख असतो, भाजपमध्ये बूथप्रमुख, त्याच्यावर शक्तिकेंद्रप्रमुख आणि यादीच्या पानापानाला पन्नाप्रमुख, काँग्रेसवाल्यांकडे बूथ कमिट्या, पण काम सगळीकडे तेच, त्या यादीतला माणूस न् माणूस तोंडओळखीचा पाहिजे. शिवाय निवडणूक आयोगाकडे प्रत्येक मान्यताप्राप्त पक्षाला बूथ लेव्हल एजंट नेमता येतो, बीएलए म्हणतात त्याला. आयोगाच्या बाजूने बीएलओ, म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर, असतात, बहुतेक अंगणवाडीच्या ताई नाहीतर शाळेचे गुरुजी, आणि यादीचं काम निघालं की त्यांच्याबरोबर बसून नावं तपासायची हे बीएलएचं काम. आता गंमत बघ, एवढे पक्ष, एवढे उपाध्यक्ष, तरी बीएलए नेमलेलाच नाही किंवा नेमलेला माणूस कधीच पुण्याला गेलाय असे बूथ ढिगाने सापडतात. मागितलं की लगेच मिळतं, कारण ते कुणालाच नको असतं.

यादी मिळाली की झेरॉक्स काढ, एक वही घे आणि रविवारी सकाळी एक गल्ली धर. पहिल्या दोन पानांतच तुला कळेल मी काय म्हणतेय ते. एका चौकटीत फोटो, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर नंबर, वय. घर नंबरवर विश्वास ठेवू नकोस, एकाच नंबरात तीन वाडे आणि वरचं अपार्टमेंट घातलेलं असतं. कोपऱ्यावरची आजी जाऊन चार वर्षं झाली, यादीत अजून आहे आणि फोटोत हसतेय. दोन मुली लग्न होऊन जयसिंगपूरला आणि इचलकरंजीला गेल्या, नावं इथंच. एक माणूस दोनदा आहे, एकदा 'बापू' एकदा 'बापूसाहेब', वय पण वेगवेगळं. आणि ज्याच्या दुकानात तू चहा पितोस त्याचा मुलगा अठरा पूर्ण होऊन वर्ष झालं तरी यादीत नाही. नवीन नावाला फॉर्म ६, नाव कमी करायला फॉर्म ७, दुरुस्ती आणि पत्ता बदलायला फॉर्म ८. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असले तरच नाव लागायचं, आता वर्षात चार तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली, आणि सतरा पूर्ण झालेल्या पोरांना आधीच अर्ज करून ठेवता येतो. अकरावी-बारावीच्या पोरांना हे कुणीच सांगत नाही, तू सांग, ती पोरं तुला विसरणार नाहीत, त्यांच्या आया तर अजिबात नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. कधीतरी कुणीतरी म्हणेल, त्या पलीकडच्या मोहल्ल्यातली पन्नास नावं फॉर्म ७ भरून उडव, ते लोक आपल्याला मत देत नाहीत. तिथं सरळ नाही म्हणायचं. खोटी माहिती देऊन सही केली तर गुन्हा आहे आणि सही तुझी असणार आहे. सांगणारा तेव्हा फोन उचलणार नाही.

महापालिकेला अजून एक घोळ असतो. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतं आणि ती प्रभागात फोडली जाते, त्या फोडाफोडीत आख्खी गल्ली शेजारच्या प्रभागात जाऊन बसते. हरकत घ्यायला मिळतात थोडेच दिवस, आणि तेवढ्यात ते कुणाला कळतं तर ज्याने यादी आधी पाठ केलीय त्याला. बाकीचे मतदानाच्या दिवशी टेबलावर बसून स्लिप शोधत असतात आणि म्हातारी माणसं उन्हात उभी. विधानसभा-लोकसभेला पोलिंग एजंट म्हणून आत बसायला मिळालं तर नक्की बस, मतदानाच्या दीड तास आधी मॉक पोल होतो, कमीत कमी पन्नास मतं टाकून मशीन तपासतात, परत शून्यावर आणतात, सीलवर एजंटच्या सह्या घेतात, आणि संध्याकाळी किती मतं पडली त्याचा १७-सी चा कागद हातात देतात. तो कागद मोजणीपर्यंत जपून ठेवायचा असतो. दुपारी जेवायला म्हणून बाहेर पडून परत न आलेले एजंट मी भरपूर बघितलेत.

आता तुझ्या नोकरीबद्दल, कारण मला तुझ्या पत्रात ते सगळ्यात कामाचं वाटलं आणि तू ते एका ओळीत उरकलंस. अरे मिरजेत हॉस्पिटलच्या गल्लीत मेडिकलमध्ये उभा असतोस तू! बिल बघून तोंड पांढरं पडलेले नातेवाईक तुझ्यासमोर येतात रोज. नोंदणीकृत धर्मादाय हॉस्पिटलला दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, हायकोर्टाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत जी हॉस्पिटलं आहेत तिथं आरोग्यमित्र, म्हणजे योजनेसाठी पेशंटला मदत करणारा माणूस, बसलेला असतो. हे कागदावर सगळ्यांना माहीत, पण ॲडमिट करताना काय मागायचं, उत्पन्नाचा दाखला कधी काढायचा, समाजसेवकाच्या टेबलावर कुणाला भेटायचं, हे तुझ्या प्रभागात किती जणांना येतं? तू हे शिकून घे. कुठल्या हॉस्पिटलमध्ये कुठली योजना चालते, कोण टाळाटाळ करतं, कोण नीट बोलतं, हे तुला मालकापेक्षा जास्त माहीत होईल. कर्नाटकातून अथणी-चिकोडीकडचे पेशंट येतात त्यांची मतं तुला नाहीत, तरी त्यांना पण सांग, तो भाग वेगळा. पण गल्लीतल्या एका घराचं बिल तू दाखवलेल्या कागदामुळे कमी झालं ना, तर तुझं नाव भाऊंच्या फ्लेक्सशिवाय त्या घरात पोचतं. तसंच निराधार योजनेचे अर्ज, रेशनकार्डात नाव चढवणं, दाखले. सेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, कुठला दाखला किती दिवसात द्यायचा याची मुदत ठरलेली असते आणि दिला नाही तर अपील करता येतं. अर्जाची पोच घ्यायची सवय लाव लोकांना. निम्मी कामं पोच घेतल्यानेच होतात.

हे सगळं भाऊंच्या नावानं करायचं की तुझ्या? दोन्ही. भाऊंना सांगत जा, त्यांना न विचारता त्यांच्या विरोधात गट करतोयस असं वाटलं तर तुझा पत्ता कट होईल, पण फोन लोकांनी तुला करायचा. हे एवढं जमलं की सतरंजीचा प्रश्न बराचसा सुटतो.

सतरंजीवरून आठवलं, तुमच्याच जिल्ह्यातले आर. आर. पाटील १९७९ ला सावळज गटातून जिल्हा परिषदेवर गेले आणि आमदार झाले १९९० ला, मधली अकरा वर्षं जिल्हा परिषदच. एकनाथ शिंदे १९८४ ला ठाण्यात किसननगरचे शाखाप्रमुख झाले, नगरसेवक व्हायला १९९७ उजाडलं. म्हणजे ज्यांचं जमलं त्यांनाही दहा-बारा वर्षं लागली. आणि त्यांच्याबरोबर त्याच काळात सतरंज्या उचलणारे हजारो होते जे आजही उचलतायत, तेही लक्षात ठेव, मी काही तुला प्रेरणादायी भाषण देत नाहीये. घराणेशाही आहे, आयात उमेदवार आहेत, आणि एक प्रश्न तू मनातल्या मनात नक्की विचार: भाऊंचा मुलगा किंवा पुतण्या आत्ता किती वर्षांचा आहे? सोळाचा असेल तर पुढच्या निवडणुकीला तो एकवीसचा होणार, आणि नगरसेवक व्हायला एकवीसच लागतात.

पण एक फट आहे. तुमच्याकडे चार सदस्यांचा प्रभाग, अ ब क ड, पक्षाला एका ठिकाणी चार नावं लागतात आणि आरक्षणाची सोडत निघाली की भल्याभल्यांची गणितं कोलमडतात, कालचा भावी नगरसेवक आज बायकोच्या नावाने फ्लेक्स छापायला टाकतो. त्या आठवड्यात पक्षाला खरंच शोधावं लागतं की या प्रवर्गातला, लोकांना माहीत असलेला, बूथ ज्याच्या हातात आहे असा माणूस कोण. लॉटरीच आहे, पण तिकीट काढलेल्यालाच लागते.

पक्ष कोणता ते मी सांगणार नाही, आणि जो पहिल्या भेटीत सांगतो त्याच्यापासून जरा लांब राहा. त्याऐवजी हे बघ की तू पक्षात जातोयस की भाऊंकडे. जून २०२२ ला शिवसेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, तेव्हा कितीतरी कार्यकर्ते रात्री एका पक्षात झोपले आणि सकाळी टीव्हीवर बघितलं की भाऊ दुसरीकडे गेलेत. मग काय, भाऊ जिकडे आपण तिकडे. उद्या तुमचे भाऊ गेले तर तू काय करशील, हे आज ठरवलेलं बरं, तेव्हा ठरवायला वेळ नसतो. आमच्या आधीच्या पिढीला कॉलेजच्या निवडणुका होत्या, तिथं भांडून-तंडून कळायचं आपण कुठले ते. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या, २०१६ च्या कायद्यात परत आणल्या पण कागदावरच राहिल्या, त्यामुळे तुमची पिढी गणेश मंडळ, क्रिकेट टूर्नामेंट आणि भाऊ याच दाराने आत येते. त्यात तुमचा दोष नाही, पण पक्षाची भूमिका काय हे आत येऊन दोन वर्षांनी कळतं.

मी असते तर कार्यालयाचं शटर बघितलं असतं. निवडणूक नसताना उघडं असतं का? महिन्याला बैठक होते का, का वाढदिवसालाच सगळे भेटतात? बैठकीत तुझ्या वयाचं कुणी तोंड उघडतं का, उघडल्यावर काय होतं? आणि बाहेरचं कुणी नसताना, खोलीत फक्त आपलीच माणसं असताना, दुसऱ्या समाजाबद्दल काय बोलतात ते कान देऊन ऐक. मिरजेत राहतोस म्हणून मुद्दाम सांगतेय. २००९ च्या गणेशोत्सवात कमानीवरच्या चित्रावरून तुमच्या गावात दंगल झाली तेव्हा तू पाच-सहा वर्षांचा असशील, घरातल्या मोठ्यांना विचार, तेव्हा कोणाची पोरं पुढे होती आणि नंतर कोर्टाच्या तारखांना कोण जात होतं.

यावरूनच पोलीस भरती. ही दोन्ही कामं एकत्र चालतील असं तू धरून चाललायस आणि हे कुणीतरी तुला स्पष्ट सांगायला पाहिजे. रास्ता रोको झाला, जमावबंदी लागू होती, पंचवीस जणांवर गुन्हा, त्यात तुझं नाव. किंवा महापालिकेत अधिकाऱ्याच्या टेबलावर कचरा टाकला आणि सरकारी कामात अडथळा, जुनं भादंविचं कलम ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) १३२. भाऊ म्हणतील राजकीय केस आहे रे, सरकार मागे घेतं. घेतं कधीकधी, पण समितीकडून शिफारस व्हावी लागते, कोर्टाची परवानगी लागते, त्यात वर्षं जातात, आणि तुझ्या भरतीची चारित्र्य पडताळणी काही त्यासाठी थांबत नाही. फॉर्मवर गुन्हा लपवला तर ते गुन्ह्यापेक्षा महागात पडतं. बरं, भरती झालास तरी सरकारी नोकराला पक्षाचं सभासद राहता येत नाही, म्हणजे तेव्हा हे सोडावंच लागणार. म्हणून आधी ठरव भरती खरी आहे का "चालू आहे म्हणायचं" आहे. खरी असेल तर दोन वर्षं फक्त यादी आणि हॉस्पिटलचं काम कर, मोर्चात जायचंच असेल तर ज्याला पोलिसांची परवानगी आहे त्यातच जा, आणि फोनवरून कुणाच्या धर्माबद्दल, महापुरुषाबद्दल काहीही फॉरवर्ड करू नकोस. पोस्ट बनवणारा कुठंतरी एसीत बसलेला असतो, पोलीस ठाण्यात बोलावणं ज्याच्या सिमवरून गेलं त्याला येतं.

वडिलांशी भांडू नकोस. ते चुकीचं काही बोलत नाहीयेत, त्यांनी आजूबाजूला बघितलेलं बोलतायत. त्यांना शब्द दे की नोकरी सोडणार नाही, कामाची वेळ संध्याकाळ आणि रविवार, कर्ज काढून एक रुपया खर्च करणार नाही. आणि सांगलीकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको तरी सांगते: कुठल्याही पतसंस्थेत कुणालाही जामीन राहायचं नाही. भाऊंना नाही, भाऊंच्या मेव्हण्याला तर नाहीच. बँकेत चालू खातं काढून दे, तुझ्या नावावर गाडी घेऊ, सिम घेऊ, हे पण नाही. निवडणुकीत रोजचे पैसे हातात घेतलेस का, ते तू लिहिलं नाहीस. घेतले असशील तर पुढच्या वेळी घेऊ नकोस, पेट्रोल आणि चहा-नाश्त्याचा खरा खर्च घे, मोकळेपणाने हिशोब देऊन घे. रोजावर फिरलेल्या पोराला बैठकीत बोलता येत नाही, त्याला फक्त बोलावता येतं.

बहिणीचं. तू पत्राच्या शेवटी एक वाक्य टाकलंयस आणि मधेच कुठंतरी लिहिलंयस की वर्षभरात तिचं लग्न आहे, कुपवाडला देतोय. निम्म्या जागा बायकांना आहेत २०११ पासून, म्हणजे चारांच्या प्रभागात दोन. पक्षांना त्या दोन जागांसाठी बहुतेक वेळा कुणाची तरी बायको नाहीतर सून सापडते, कारण स्वतःहून काम करत आलेली मुलगी त्यांनी आधी शोधलेलीच नसते. महिला आघाडीत हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला तिला पाठवू नकोस, तुझ्याबरोबर यादी घेऊन तिलाच फिरव, बायका दारात तुझ्यापेक्षा तिच्याशी जास्त बोलतील आणि तुझ्या वहीत निम्मी माहिती तिच्यामुळेच येईल. खरं सांगू, तुमच्या दोघांत पुढे उमेदवार कोण असेल याबद्दल माझी पैज तुझ्यावर नाही. कुपवाडला गेली म्हणून काही बिघडत नाही, महापालिका सांगली-मिरज-कुपवाड एकच आहे, फक्त तिच्या होणाऱ्या नवऱ्याशी आणि सासूशी हे लग्नाआधी बोलून घ्या, आणि लग्न झालं की पहिल्या महिन्यात तिचा फॉर्म ८ भरा, नाहीतर तुझ्याच यादीत ती 'लग्न होऊन गेली, नाव इथंच' म्हणून सापडेल.